केसभर चढा

पोस्टमननं पाकीट दाराशी टेकवलं तेव्हा
मी शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच आले होते,
हातांना वाटाण्यांचा वास.
छत्तीस वर्षांनी आमची तबकडी परत आली,
जाडजूड, काळीभोर,
वर "नव्यानं घडवलेली" असा सोनेरी शिक्का.
कव्हरवर तोच हॅडॉक मासा, शवपेटीत उताणा,
डोक्यावर कोंबड्याचा तुरा.
ग्लिन, तो तू बिलाच्या पाठीवर काढला होतास.
डाव्या कोपऱ्यात चिप्सच्या तेलाचा डाग.
तो मात्र त्यांनी पुसला नाही.

"मेल्याच्या टाळूवरचं लोणी," कॉलिन फोनवर म्हणाला.
म्हणाला, आणि दोन प्रती मागवल्यान्.

ग्रिम्सबीच्या गोदीत, शीतगृहाच्या मागची ती खोली.
भिंतीपलीकडे कितीतरी टन मासे गोठत पडलेले
आणि अलीकडे आपण तिघं घामानं निथळत,
जुन्या रॉकबिलीचं मढं उकरून
त्याला पंकचे दात बसवत होतो.
माझं डबल बास माझ्याहून वीतभर उंच.
तारांना चापट्या मारून अंगठ्याचं सालपट निघायचं,
मी मासे कापणाऱ्या बायांची निळी पट्टी गुंडाळायचे
आणि पुन्हा.
वाजवत नव्हतेच मी. कुणाचं तरी दार ठोठावत होते.

सूर लावायला आपल्याकडे काही नव्हतं.
तू पिपाणी गोदीत पाडलीस, आठवतं?
पण कॉम्प्रेसर रात्रभर एकच स्वर धरून बसायचा,
ओठ मिटून गुणगुणणाऱ्या म्हातारीसारखा.
तोच आपला सा.
त्यालाच मी तार जुळवली, तू गळा जुळवलास,
आणि जगाच्या पेटीपेक्षा
आपण केसभर चढे राहिलो.
कुणाला कळलं नाही. कळलं असतं तरी
थडग्यांवरच्या गाण्यांना सूर कोण विचारतो?

पाकिटात कॅलमची चिठ्ठी होती. पोरगा लीड्सचा,
त्याचा जन्म तू गेल्यावरचा.
"मिसेस गारबट, मूळ फीत जरा वेगानं पळत होती,
सगळं चढं येत होतं, मी जागेवर आणलं.
पाठीमागची घरघरही काढून टाकली."

फीत बरोबरच पळत होती, बाळा.
चढे आम्ही होतो.

चहा न करताच मी सुई ठेवली.
भांडायच्या तयारीनं ठेवली, खरं सांगते.
आधी नुसती स्वच्छता. धुतलेल्या काचेसारखी.
मग कॉलिनच्या स्टुलाची कुरकुर,
तुझ्या खिशातल्या किल्ल्या,
आणि गाण्याआधीचा माझा श्वास, एवढा तरणा
की मला मान वळवावीशी वाटली.
मग तू.

ग्लिन, तुझा आवाज खाली उतरलाय.
फार नाही. जरासा जड, जरासा दमलेला,
दोन पोरांना शाळेत सोडून आल्यासारखा,
रात्री पाठीला मलम लावणाऱ्या माणसासारखा.
क्लीथॉर्प्सच्या रस्त्यावर तू पंचविसाव्या वर्षी संपलास,
आणि हा कोण, चाळिशीचा,
तुझ्या शवपेट्यांवर तुझंच खिदळणं खिदळतोय?

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
तेहतीस मिनिटांची तबकडी,
शंभरात दोन कमी वेग:
चाळीस सेकंद.
त्या पोराच्या चुकीनं तू
चाळीस सेकंद जास्त जगलास.

कागद घेतला. "प्रिय कॅलम," लिहिलं.
पुढं काय लिहायचं ते ठरेना.
दुसरी बाजू लावली.

इतक्यात मागं फ्रिज घुमायला लागला.
तोच स्वर. गोदीतला, म्हातारीचा, आपला जुना सा.
तुझ्या नव्या आवाजाशी तो घासू लागला,
दाताखाली खडा यावा तसा,
सारखा सांगू लागला: हा तो नव्हे, हा तो नव्हे.

मी उठले आणि बटण बंद केलं.
दूध नासलं तर नासू दे.
अजून चार गाणी आहेत.